विझलेल्या ज्योतीचा माग

"मॅडम, सातव्या मजल्यावर यंत्र जरा नीट फिरवा," सोसायटीचे सेक्रेटरी खासनीस म्हणाले. "त्या गोडबोल्यांकडे चोरून समई लागते, पैज लावून सांगतो."

इमारतींमध्ये उघड्या ज्योतीला बंदी येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी खासनिसांचा कुणावरच विश्वास नव्हता. दरवर्षीच्या अग्नितपासणीत मॅडमच्या हातातलं यंत्र विझलेल्या वातीचाही माग काढायचं.

गोडबोल्यांकडे ते गप्प राहिलं. खासनिसांच्याच दारात मात्र किणकिणलं.

"फुलवात, साजूक तूप," मॅडमनी वाचलं. "काल संध्याकाळी, हॉलमध्ये. कुणाला तरी ओवाळलंय."

खासनिसांनी बायकोकडे संशयानं पाहिलं. काल संध्याकाळी ते मीटिंगला गेले होते. सुलभाबाईंनी मान वर केली नाही. मग खासनिसांना तारीख आठवली. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून ज्या ऋजुताला, पोटच्या पोरीला, त्यांनी घराचं दार बंद केलं होतं, तिचा काल वाढदिवस होता.

"कुणी लावली म्हणून लिहू?" मॅडमनी विचारलं.

"माझं नाव लिहा," खासनीस म्हणाले आणि बायकोकडे न बघताच पुटपुटले, "पुढच्या वर्षी मी घरात असताना ये म्हणावं तिला."