दीड इंच

बाबा गेल्यावर त्यांच्याच लेथवर, हुडकेश्वरच्या घरी, मी त्यांच्या मोटरसायकलचे भाग घडवत होतो. आयुष्यभर बुटीबोरीच्या कारखान्यात टर्नर असलेल्या बाबांची मला एकच चूक सापडली: मागचा डावा फुटरेस्ट उजव्यापेक्षा दीड इंच वर होता. सूतभर फरक पडला तरी घडवलेला जॉब फेकून देणारा माणूस! जुना फुटरेस्ट मी भंगारवाल्याला दिला, नवी जोडी लेव्हलमध्ये बसवली आणि आईला रामटेकला न्यायला गाडी काढली. नेहमीसारखी ती डावीकडे पाय सोडून बसली. पाय अधांतरी लटकत राहिले. “माह्या पायाखालचं काहून काढलं गा?” तिनं विचारलं. “माहे पाय टेकत नव्हते म्हून लग्नानंतर आठच दिवसात त्यायनं तो वर घेतला होता.” लहानपणी मी टाकीवर बसायचो, मागं कधी पाहिलंच नव्हतं. मोजपट्टी घेऊन मी खाली बसलो आणि पहिल्यांदाच आईच्या पायाचं माप घेतलं.