अर्धा प्याला

मुलांनो, समजा, आठ वर्षांच्या निसोच्या जागी तुम्ही अल्माटी शहरातल्या एका चहाखान्यात कोपऱ्यात बसला आहात. तुमची आई तिथे चहा वाढते. ती ताजिक खेड्यातली, तिला रशियन कळत नाही. तुम्ही ती शाळेत शिकलात. सकाळीच मालकाने बजावलंय, "आणखी एक तक्रार आली, तर उद्यापासून येऊ नकोस."

मॉस्कोहून आलेलं गिऱ्हाईक ओरडतं, "अर्धाच प्याला? भरून द्यायला हात दुखतो का, बाई?"

आई घाबरते. तिच्या गावाकडे पाहुण्याचा मान म्हणून प्याला अर्धाच भरतात. काठोकाठ भरला, तर त्याचा अर्थ 'आता निघा'. गिऱ्हाईक जसजसं चिडतं, तसतशी आई जास्त मान देते, म्हणजे आणखी कमी ओतते. मालक गल्ल्यावरून उठतो.

तुम्ही काय केलं असतं?

निसोने धावत जाऊन किटली घेतली आणि प्याला काठोकाठ भरला. आईचा चेहरा पांढराफटक पडला. गिऱ्हाईक मात्र म्हणालं, "आत्ता कसं." मालक खाली बसला.

निसोने दुसरा प्याला घेतला, अर्धाच भरला, आणि आईच्या हातात दिला.