बाहेरून उघडणारी कडी

काचेची आडभिंत खोडली गेली. मग आरशामागचं कपाट, मग रंगीत टाइल्सची पट्टी. जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या, नव्या न्हाणीघराच्या कागदावरचा एकेक खर्च मुलगा उडवत होता आणि शेवटी काय उरतंय, याकडे बाबा चष्म्याआडून लक्ष ठेवून होते.

भिंतीवरचे आधाराचे दांडे उरले. शॉवरखालची बैठक उरली. न घसरणारी फरशी, बिनउंबरठ्याचं रुंद दार आणि त्या दाराला बाहेरूनही उघडता येईल अशी कडी, यांना मुलाने हात लावला नाही.

"एवढं रुंद दार? मी काय कपाट घेऊन आंघोळीला जाणार आहे?" बाबा म्हणाले.

एरवी त्यांच्या फालतू विनोदालाही हसणारी सून पाणी आणायला म्हणून उठून गेली. मुलाच्या हातातली पेन्सिल खाली पडली. तो वाकला नाही. बाबांनीच उचलून दिली.

"दार तुमच्या खोलीतूनच काढू," मुलगा म्हणाला. "हॉलमधून वळसा नको."

तेव्हा बाबांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आज खोलीत न्हाणीघर, उद्या खोलीत चहा, परवा ताट. मग हॉलच्या खिडकीजवळची खुर्ची, सकाळचा फेरफटका, कोपऱ्यावरच्या बाकावरच्या गप्पा, कशाचीच गरज नाही. वर बाहेरून कडी. बायको गेल्यावर स्वतःचं घर विकून ते इथे आले होते. परतायला जागा नव्हती.

त्यांनी खर्चाचा बाऊ करून पाहिला. नुसता गळका पाइप बदलला तरी भागेल, म्हणाले. ही फॅशन पुढच्या वर्षी करा, म्हणाले. मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "थांबता येणार नाही, बाबा." त्याच आठवड्यात त्याने आपली मोटारसायकल विकली. ज्या गाडीला तो कोणाला हात लावू देत नसे, ती गाडी. म्हाताऱ्याला कोंडायची एवढी घाई, असं बाबांच्या मनात आलं.

ते खोलीतून बाहेर आले की नवरा-बायकोचं बोलणं थांबायचं. मुलगा हल्ली वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत झोपायलाही जात नसे. टीव्ही बघता बघता डोळा लागतो, असं सांगून हॉलमधल्या सोफ्यावरच पडायचा. बाबा मनातल्या मनात त्याला पहारा म्हणत.

एकदा सुनेने भाजी निवडताना विचारलं, "बाबा, खरं सांगा हं. जिना चढताना धाप लागते का तुम्हाला?"

"धाप? अगं, तुझ्याआधी पोचेन वर."

पुरावा म्हणून ते काही कारण नसताना वर जाऊन आले. खाली आल्यावर गुडघ्याची कळ चेहऱ्यावर दिसू दिली नाही. मुलगा सोफ्यावरून टक लावून बघत होता. सुनेने मात्र हायसं वाटल्यासारखा सुस्कारा टाकला. हे बाबांच्या हिशेबात बसेना, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

काम सुरू झालं. मिस्त्री बोलका होता; मुलाला साहेब, सुनेला ताई म्हणायचा. सगळ्यांना एकच माप लावून दांडे ठोकणाऱ्यांतला आपण नाही, असं त्याने पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं. ज्याच्यासाठी दांडा, त्याला तो स्टुलावर बसवायचा, हात लांब करायला लावायचा आणि हात पोचेल तिथे पेन्सिलीने खूण करायचा. आपल्याला बोलावलं की साफ नकार द्यायचा, हे बाबांनी ठरवून टाकलं. काय बोलायचं तेही घोकून ठेवलं.

कोणी बोलावलंच नाही. एका दुपारी ते फेरफटका मारून आले, तर भिंतीवर खुणा उमटलेल्या. कैद्याचंसुद्धा कपड्यांसाठी माप घेतात. कोंडलं जाण्यापेक्षा हे त्यांना जास्त लागलं.

स्टूल तिथेच होतं. बाबा त्यावर बसले आणि हात वर केला. खूण वीतभर उंचच राहिली. पुन्हा ताणून पाहिला. नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं. चूक सापडली होती. आता काम थांबवता येईल, कागद पुन्हा टेबलावर येईल.

त्यांनी हाक मारली. मिस्त्री हात पुसत दारात आला.

"काय मिस्त्री, गप्पा तर मोठ्या मारल्यात. माप न घेताच खुणा? माझा हात पोचत नाही तिथे."

"माप घेतल्याशिवाय मी खूण करत नाही, काका."

"मग मला कधी बसवलंत इथे?"

"तुम्हाला कशाला बसवू?" मिस्त्री म्हणाला. "तुम्ही तर वरच्या खोलीत जाणार ना राहायला. साहेब बसले होते. मी आणि ताईंनी धरून उठवलं त्यांना."