पांढरीची माती

छप्पन सालच्या उन्हाळ्यात चाकणजवळच्या आमच्या गावात पुण्याचे साहेब आले आणि जुनी वस्ती शोधायला पांढरीच्या टेकाडावर खोदकाम सुरू झालं. ठकुबाई रोज चराच्या काठावर येऊन बसायची. घरी तिचं कुणी नव्हतं.

"आजे, सोन्याचा हंडा निघायची वाट बघतीस व्हय?" घमेलं उचलताना गेनू म्हणाला.

"व्हय. तुला बी वाटा दीन. नीट खण."

एका दुपारी तोंडाला तोंड लावून पुरलेले दोन मातीचे रांजण निघाले. आत तान्ह्या मुलाची हाडं होती. ठकुबाई धडपडत उठली.

"माझं हाय का बघा, साहेब. मी बाळंतिणीच्या खाटंवर हुते. गडीमाणसांनी हितंच कुठंतरी पुरलं. जागा मला कुणी सांगितलीच न्हाई."

साहेब खाली बसले. "आजी, हे हजारो वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा इथं घर होतं. मूल गेलं की घरातच, जमिनीखाली पुरायचे. आईजवळ राहावं म्हणून असेल."

"नशिबाची हुती ती," एवढंच बोलून ठकुबाई निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्याही नाही. साहेब तिच्या घरी गेले. ती भिंतीला टेकून बसली होती.

"आजी, येत नाही आता?"

"आता कशाला येऊ?" निजलेलं मूल थापटावं तशी ती भिंतीवर हात फिरवत होती. "दर साली त्याच पांढरीची माती आणून हे घर पोतारलंय मी."