लाल रेघेच्या वर

"पुन्हा रेघेच्या वर!" नर्स प्रेरणाताईंनी मापाचा पेला उजेडात धरला आणि देवानंद आबाजींचं तोंड एवढंसं झालं.

हर्नियाचं ऑपरेशन झाल्यापासून आबाजींच्या पोटातून एक नळी निघाली होती. नळीच्या टोकाला डाळिंबाएवढा रबरी फुगा. जखमेतलं पाणी त्यात जमायचं. ते सलग दोन दिवस पेल्यावरच्या लाल रेघेच्या खाली राहिलं, की नळी निघणार होती. आणि नळी निघाल्याशिवाय आबाजी गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, होणाऱ्या नाटकात दुष्ट जमीनदार होणार कसे? कमरेला फुगा लटकवून कोणी चाबूक फिरवतं का! तिकडे गावाहून, अर्जुनी मोरगावहून, त्यांच्या भूमिकेवर टपलेला उदाराम रोज फोन करायचा, "देवानंद, आराम कर गा. तुह्या मिशा मले मस्त बसून राहिल्या."

रोज शाळेत जाण्याआधी फुगा रिकामा करायचं काम नातीचं, नूतनचं. प्रेरणाताईंनीच तिला शिकवलं होतं. हात साबणाने धुवायचे, पाणी पेल्यात ओतायचं, फुगा दाबून चपटा करायचा आणि तसाच बंद करायचा. पेला झाकून ठेवायचा. संध्याकाळी ताई गोंदियाहून स्कूटीवर कुडव्याला यायच्या आणि रंग, माप स्वतः बघायच्या. नूतनचा रुबाब असा, जणू अर्धं ऑपरेशन तिनेच केलं होतं!

पण सकाळी तिला पाणी रेघेच्या चांगलं खाली दिसायचं. संध्याकाळी तेच पाणी वर!

"नूतन, डोळे तपासून घे बरं एकदा," ताई म्हणाल्या.

हे म्हणजे अतीच झालं. नूतनने आधी आबाजींना धरलं.

"काऊन जी आबाजी, तुम्ही तर नाही न वाढवत?"

"मी कायले वाढवीन? मले जमीनदार व्हाचं हाय का नाही?"

मग संशय उदारामवर. पण फोनमधून पाणी ओतता येत नाही, म्हणून तो सुटला.

रविवारी नूतन तांदळाच्या कोठीमागे दबा धरून बसली. शिंक आली, ती तिने ओढणीत कोंबली. एवढ्यात रुख्मा आजी आली. तिने इकडेतिकडे बघितलं, पेल्यावरचं झाकण उचललं आणि कपाळावर हात मारला. "बाप्पा, इतकुसं!" मग तांब्यातलं पाणी ओतलं. वरून चिमूटभर हळद. चमच्याच्या दांड्याने ढवळलंसुद्धा!

"आजी! हे काय करून राहिली?"

आजी जराही दचकली नाही. उलट तिलाच रागावली. "वरडतेस कायले? पोरगी इतक्या दुरून येते. तिच्या हाती असा तळाला गेलेला पेला देऊ? आपल्या घरून कोणाचं भांडं रिकामं गेलं हाय का कधी? आन् नुसतं पाणी बरं नाही दिसत, म्हणून हळद!"

ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या हसता हसता खाटेवरच बसल्या. पुढचे दोन दिवस पेल्यावर नूतनचा पहारा. नळी निघाली. आबाजींनी उदारामला स्वतः फोन लावला, "मिशा धुवून ठेव."

शेवटच्या दिवशी ताईंनी आपला पेला परत मागितला. आजीने तो घासूनपुसून दोन्ही हातांनी आणून दिला. आत नव्या धानाचे पोहे, शीग लावून.

ताईंनी पेला उजेडात धरला. "आजी, पुन्हा रेघेच्या वर!"