बाईच्या हातातला वस्तरा

नवऱ्याचा हात मोडला, तसं सलून तिनेच चालवायला घेतलं. समोरचा न्हावी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावू लागला, "तिकडे जाऊ नका, बाई दाढी करते! गळा कापेल!"

नवरा धास्तावला. "निदान एखादी जाहिरात तरी देऊ या."

"कशाला? तो गावभर आपलंच नाव घेतोय, तेही फुकट!" असं म्हणून तिने दार सताड उघडलं आणि खुर्ची रस्त्यावरून दिसेल अशी फिरवली.

आधी लोक नुसतेच बघायला आले, मग बसायला लागले. परवा एक म्हातारबाबा आले. गालाला साबण लावता लावता तिने विचारलं, "बाबा, आमचं नाव कुणी सांगितलं?"



"आमच्या पोरानं. घरी जेवतानाही रोज तुझाच विषय. समोरचं दुकान त्याचंच."