शुक्रवारचं खोटं पान

"मॅडम, दुसरं पान खोटं," चैताली म्हणाली, आणि मंजुषा मॅडमच्या मनात पाल चुकचुकली. पुन्हा बरोबर.

सातपूरच्या त्या शाळेत सातवीच्या वर्गाला शुक्रवार म्हणजे सणच. मोठ्या पडद्यावर माहितीची चार पानं यायची. तीन इंटरनेटवरची, खरी. एक मॅडमनी स्वतः रचलेलं. मथळा बघा, तारीख बघा, कोणी लिहिलंय ते बघा आणि खोटं पान शोधून काढा. माहिती नुसती वाचायची नसते, तपासायचीही असते, हे पोरांच्या गळी उतरवायला मॅडमनी काढलेली ही युक्ती. खोटं पान रचण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. तीन वर्षं न सडणारा कांदा काय, पावसाच्या पाण्यावर चालणारी सिटीबस काय! फोटो, तक्ता, तज्ज्ञाचं नाव असं सगळं लावून त्या पान सजवायच्या. एकदा तर शेजारच्या वर्गाचे दिनेश सरही फसले. त्यांनी तो कांदा सटाण्याच्या मेव्हण्याला पाठवला आणि मेव्हण्याने बियाणं कुठं मिळेल म्हणून विचारलं.

फसत नव्हती ती एकटी चैताली. बाकीची पोरं एकेका टॅबभोवती डोक्याला डोकं लावून भांडत असायची, तोवर हिचं बोट वर. दिवाळीपासून एकदाही चुकली नव्हती. आणि ही काही पहिल्या नंबरची पोरगी नव्हे. गणितात कशीबशी काठावर.

"पाणी कुठंतरी मुरतंय, मॅडम," दिनेश सर म्हणाले. "तिची आई कोण, विसरलात का?"

मॅडम विसरल्या नव्हत्या. आई शुभांगी शाळेची झाडलोट करायची. कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली तिच्याकडेच. खोलीत मॅडमचा लॅपटॉप आणि लॅपटॉपवर 'उत्तरं' नावाची फाइल. एवढं जुळल्यावर आणखी काय पाहिजे? त्या दिवसापासून मॅडमना सगळ्यातच काळंबेरं दिसायला लागलं. शुभांगी टेबल पुसायला जरा जास्तच वेळ लावते. चैताली मधल्या सुटीत आईकडे पळते. काल दोघी बोलत होत्या आणि मॅडमना बघून गप्प झाल्या. शुभांगी कामाला चांगली होती, शब्दाला शब्द वाढवणारी नव्हती, म्हणून मॅडमना वाईटही वाटत होतं. पण सोमवारी शिक्षण खात्याचे मोठे साहेब वर्ग बघायला येणार होते. त्यांच्यापुढे चोरीची हुशारी मिरवायची? चोरी निघाली तर शुभांगीला त्याच दिवशी घरी बसवीन, असं मुख्याध्यापकांनी स्पष्टच सांगितलं होतं.

मॅडमनी सापळा लावला. या शुक्रवारी चारही पानं खरी ठेवली. फाइलमध्ये मात्र लिहिलं, 'तिसरं खोटं'. तिसरं पान त्यांनी मुद्दाम निवडलं होतं. एका शाळेतल्या वाचन-उपक्रमाची ती माहिती होती, थेट सरकारी पोर्टलवरून घेतलेली. शाळेचं नाव तेवढं झाकलं. सगळ्यांनी वाखाणलेलं ते पान मॅडमना जवळजवळ पाठ होतं आणि त्यात खोट काढायला जागाच नव्हती. सरळ मनाने वाचणारा त्यावर बोट ठेवणार नाही. ठेवेल तो फाइल बघणारा. गुरुवारी संध्याकाळी रोजच्यासारखी खोली त्यांनी शुभांगीच्या भरवशावर सोडली आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी दिनेश सर साक्षीला म्हणून मागच्या बाकावर येऊन बसले. पानं पडद्यावर आली. धरणातला पाणीसाठा, द्वारका चौकातून सुटणाऱ्या सिटीबसचं वेळापत्रक, वाचन-उपक्रम आणि द्राक्षावरचा भुरी रोग. पोरांचा कलकलाट सुरू झाला. चैताली आज नेहमीपेक्षा जास्त वेळ लावत होती. दुसरं कुठलंही सांग गं बाई, असंही एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं.

बोट वर झालं. "तिसरं, मॅडम."

मागे दिनेश सरांनी खाकरून घेतलं. मॅडमचा चेहरा लालबुंद झाला.

"कोणी सांगितलं तुला? आईने?"

"आईने?" पोरगी गोंधळली. "आईला कुठं वाचता येतंय, मॅडम?"

"मग कशावरून?"

"खऱ्या पानात कुठंतरी 'पण' असतो ना. धरणात पाणी आहे, पण गाळ साचलाय. बस आहे, पण रविवारी नाही. भुरीवर औषध आहे, पण पाऊस आला की वाया. तुमच्या पानात सगळं छानच असतं."

पोरं हसली. मॅडमना हसू आलं नाही. एवढं सरळ उत्तर त्यांना नको होतं.

"चैताली, नीट ऐक. हे पान खोटं नाहीये. सरकारी पोर्टलवर आहे, आत्ताही आहे."

चैतालीने पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि मोठ्याने वाचलं. "प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती स्वतंत्र टॅब. सर्व विद्यार्थी रोज अस्खलित वाचन करतात. एकही मूल मागे राहिलेलं नाही." तिच्या टॅबभोवती दाटीवाटीने बसलेली पाचही पोरं तिच्या तोंडाकडे बघत होती. त्यातल्या मल्हारीला अजून जोडाक्षरं येत नव्हती.

"हे तर तुम्हीच लिहिलंय, मॅडम," ती म्हणाली. "लगेच कळतं."

दिनेश सर उठले आणि बाहेर गेले. मॅडमना पडद्याकडे बघवेना. लिहिलं त्यांनीच होतं, मुख्याध्यापकांच्या सहीने गेलं होतं. सोमवारी साहेब येणार होते ते हेच पान वाचून.